गफारभाईंची झडती

गफारभाई आधी सायकलची विचारपूस करतात, मग माणसाची. दुकानासमोर कोणी सायकल थांबवली की ते हातातलं काम खाली ठेवतात, सीटखालच्या नळीवर पान्याने दोन टिचक्या मारतात, कान लावतात आणि मगच म्हणतात, "घरी समदे बरे हायेत ना?" मागे बँकेचे नवे साहेब नुसता पत्ता विचारायला थांबले होते. गफारभाईंनी त्यांच्या सायकलला कान लावला आणि म्हणाले, "साहेब, तुमी खुशाल दिसता, पन हिचे छर्रे गेले."

मुलांनो, परवा परदेशातून फोनवर तुम्ही सांगत होतात, की तिकडच्या मोठ्या शर्यतींत कोणी नळीत विजेची मोटर लपवली आहे का, हे पाहायला सायकलींचा एक्स-रे काढतात. आमच्या कळमनुरीत एक्स-रे नाही, पण गफारभाई आहेत.

इथे दर हिवाळ्यात सायकलची शर्यत होते. गावातून टेकडीवरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. नावं लिहून घेणं आणि वेळ नोंदवणं माझ्याकडे, कारण शाळेत मी वेळापत्रक सांभाळत असे. झडती गफारभाईंकडे. त्यांचा नियम एकच : "सायकल उपाशी पायजे." रिकामी नळी टण् करते, भरलेली ठप्प.

दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराचा मुलगा काळा चष्मा लावून, चकचकीत सायकल घेऊन आला होता. गफारभाईंनी पाना मारला. ठप्प.

"बेटा, ही जेवून आली काय?"

त्यांनी सीट उपसली आणि नळीतून लाटण्याएवढी मोटर बाहेर काढली. मुलगा म्हणाला, "चाचा, ते कंपनीनंच बसवून दिलंय."

"मग कंपनीलाच पळव," असं म्हणून गफारभाईंनी पुढची सायकल ओढून घेतली. ठेकेदार स्वतः येऊन बोलले, तरी उपयोग झाला नाही.

या गफारभाईंचा एकच मित्र, किसनराव. निवृत्त ग्रामसेवक. नोकरीभर सायकलवरून खेडी पालथी घातलेले. दोघं रोज सकाळी टेकडीवर चहाला जायचे आणि जाता-येता भांडायचे. "तुझी पायडल मारायची रीत म्हणजे कडबा तुडवणं," असं गफारभाई म्हणणार आणि "तुझ्यापेक्षा तुझी चेन कमी कुरकुरते," असं किसनराव म्हणणार. किसनरावांच्या पत्नी गेल्या, गफारभाईंची मुलं हैदराबादेला स्थायिक झाली, तरी ही फेरी चुकली नाही.

मग गेल्या वर्षी किसनरावांचे गुडघे गेले. ते दोन महिने ओट्यावर बसून होते. कोणाशी बोलत नसत, दाढी करत नसत. त्यांच्या घराला उंच पायऱ्या, म्हणून त्यांची सायकल गफारभाईंच्या दुकानातच असायची. गफारभाई रोज सकाळी दोन्ही सायकली घेऊन ओट्यासमोर उभे राहायचे आणि तशाच परत आणायचे.

दिवाळीनंतर चमत्कार झाला. किसनराव गफारभाईंच्या आग्रहाखातर एकदा सायकलवर बसले आणि टेकडी चढून गेले. श्रेय त्यांनी निरगुडीच्या तेलाला दिलं. त्यानंतर ते भेटेल त्याला तेल देऊ लागले. माझ्या कपाटात अजून तीन बाटल्या आहेत. मला गुडघ्यांची तक्रार नाही, हे त्यांनी ऐकून घेतलं नाही.

एका दुपारी मी हवेचा पंप परत करायला दुकानात गेले, तर किसनरावांच्या सायकलच्या सीटमधून एक वायर निघून भिंतीवरच्या प्लगमध्ये गेलेली. मी विचारलं, "गफारभाई, सायकलला वीज कशाला?"

त्यांनी अर्धं शटर ओढलं आणि शर्टाच्या खिशातून काडेपेटीएवढा रिमोट काढून दाखवला. "मी मागं राहतो. चढ आला की दाबतो."

"आणि त्यांना काहीच कळत नाही?"

"कान कमी हाय त्याचा, अन् अकड जास्ती. सांगितलं तर सायकलीला हात लावनार न्हाई. मानूस एकदा ओट्यावर बसला की बसलाच, बाई. कुनाला बोलू नगा."

मी शब्द दिला. तुम्ही लांब आहात म्हणून सांगते.

यंदा शर्यतीच्या आठवडाभर आधी किसनराव माझ्याकडे आले. गुळगुळीत दाढी, नवे कॅनव्हासचे बूट. "बाई, साठीच्या वरच्या गटात माझं नाव लिहा."

नाव लिहिणं भाग होतं. मग मी तडक दुकान गाठलं.

"सांगून टाका त्यांना," मी म्हणाले.

"सांगतो. मग उद्या सकाळी माझ्यासंगं कोन येईल?"

"निदान मोटर तरी काढा."

"काढली तर निम्म्या चढावर उतरंल, समद्या गावापुढं."

"मग पास करणार?"

गफारभाईंनी पाना फडक्याने पुसला. "लोकांची लेकरं मी परत लावली, बाई. ती रडत गेली."

शर्यतीच्या सकाळी रांग लागली. टण्, टण्, टण् होत होत किसनरावांची पाळी आली. गफारभाईंनी पाना मारला. मी शेजारीच टेबल मांडून बसले होते. मला ठप्प स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी दुसऱ्यांदा मारलाच नाही.

"एक्सलला तडा गेलाय. ही आज पळनार न्हाई."

"काल तर बराबर होती!"

"काल होती."

"मग तुझी दे."

"माझी देनार न्हाई."

किसनरावांचा चेहरा लाल झाला. "काहून देनार न्हाई? माझे गुडघे सुधारले ते बघवत न्हाई तुला. जळून राहिला तू, गफार!"

रांगेतले लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली. गफारभाई खाली बघून म्हणाले, "व्हय. जळतो."

किसनराव पायी घरी गेले. टेकडीपर्यंत नव्हे, पण घरापर्यंत ताठ चालत गेले. गफारभाईंनी उरलेल्या सगळ्या सायकली नीट तपासल्या, मग पाना माझ्या टेबलावर ठेवला. "पुढच्या वर्षी दुसरा मानूस बघा, बाई. झडती घेनारानं खोटं बोलू नये." त्यांना खोटं बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी वहीत किसनरावांच्या नावापुढे 'सायकल नादुरुस्त' असं लिहिलं. म्हणजे खोटं मीही लिहिलं.

याला आता तीन आठवडे झाले. किसनराव बोलत नाहीत. गावात सांगत फिरतात, की मित्रच वैरी निघाला. पण आपले गुडघे कसे आहेत हे गावाला दाखवायची त्यांना आता दुप्पट ईर्षा आहे. त्यामुळे सकाळी ते दुकानात येतात, काही न बोलता आपली 'दुरुस्त' झालेली सायकल ओढून घेतात आणि निघतात. गफारभाई पन्नासेक पावलं अंतर ठेवून मागे जातात. टपरीवर एक जण आतल्या बाकावर बसतो, एक जण बाहेर.

काल मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ते तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मग रोज कशाला जाता?"

गफारभाई सायकलवर बसत म्हणाले, "तो न्हाई बोलत, बाई. पन चढ तर तेवढाच हाय ना?"