अडीच फुटांचा सातबारा

गेल्या जूनपासून आमच्या तालुक्यात सोळा वर्षांवरच्या प्रत्येक मुलीला आणि बाईला स्वतःभोवतीच्या अडीच फूट जागेचा सातबारा मिळतो. मी तलाठी असल्याने हे काम माझ्याकडे आहे.

सुरुवातीला अडचणी आल्या. ही जमीन चालती असते. बाई बाजारात गेली की बाजारात जाते, एसटीत बसली की एसटीत बसते. गट नंबराच्या रकान्यात काय लिहायचं, असं मी वर विचारलं. उत्तर आलं, की तिथे बाईचं नाव लिहावं आणि चतुःसीमेत पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा चारही बाजूंना 'इतर लोक' असं नमूद करावं. पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी क्षेत्र, कुणालाच लावू नये. त्याप्रमाणे करतो.

अट एकच आहे. जमीन ज्याची, बांध त्याने राखायचा. म्हणून उतारा हातात पडण्याआधी बारा दिवसांचा वर्ग करावा लागतो. तो शकिला इनामदार घेतात. त्या पूर्वी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायच्या. डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. कन्या शाळेच्या मैदानावर सकाळी सातला वर्ग सुरू होतो. कुणी मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हिसडा द्यायचा. मागून मिठी पडली तर आधी टाच, मग कोपर, मग पळ. पण या सगळ्याच्या आधी तळहात पुढे करून "मागे!" म्हणायचं.

"पोटातून म्हणा," शकिला मॅडम सांगतात. "घशातून म्हणाल तर समोरच्याला वाटतं, माफी मागताय."

ऑगस्टमध्ये या वर्गात गौतमी वाकचौरे नावाची मुलगी आली. वय एकोणीस, बी.एस्सी.चं तिसरं वर्ष. तिच्या गावात कॉलेज नाही, म्हणून ती दोन वर्षांपासून इथे आत्याकडे राहते. आत्या कुसुम नवले. आत्याचे यजमान वसंतराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, गणपती मंडळाचे अध्यक्ष, रस्त्यात भेटले की मीच आधी नमस्कार करायचो. गौतमीची मोजणी झाली, अडीच फूट भरली आणि उताऱ्याचा मसुदा नियमाप्रमाणे पंधरा दिवसांसाठी चावडीच्या फलकावर लागला.

चौदाव्या दिवशी वसंतराव हरकत घेऊन आले.

"बसा साहेब," मी म्हणालो. "हरकत कशाबद्दल?"

"वहिवाटीबद्दल. इतर हक्कांत माझं नाव लागलं पाहिजे."

"कुठल्या भागावर?"

"उजवा खांदा. तिथून पाठीपर्यंत."

मी अर्जाचा नमुना पुढे ओढला. "कधीपासून?"

"पोर घरात आली तेव्हापासून. ती संध्याकाळी अभ्यासाला बसते, मी मागे उभा राहतो, हात ठेवतो. मायेने."

"रोज?"

"सणवार सोडून."

"हात साधारण किती वेळ असतो?"

"माया काय घड्याळ लावून करतात, भाऊसाहेब?"

कालावधीपुढे मी 'अनिश्चित' असं लिहिलं. साक्षीदार म्हणून त्यांनी पत्नीचं नाव दिलं. कागदावर कुसुमबाईंची सही आधीच होती, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब.

गौतमीला नोटीस गेली. दोन दिवसांनी तिचे वडील रामनाथ डेअरीला दूध घालून परस्पर तालुक्याला आले. बापलेक चावडीच्या ओट्यावर बसले होते. खिडकी उघडी असल्याने मला ऐकू येत होतं.

"घरातली गोष्ट आहे, बाळा. चावडीवर आली तर आत्याचं घर सुटेल. घर सुटलं की कॉलेज सुटलं. मला काही हॉस्टेल झेपायचं नाही."

"आणि हात कधी सुटायचा, अण्णा?"

"मला काय ठाऊक, असं असेल म्हणून."

"मी सांगितलं होतं. दिवाळीला. तुम्ही म्हणालात, वडीलधारे आहेत, लाडाने करत असतील."

रामनाथ बराच वेळ टोपी हातात घेऊन तिची घडी सारखी करत राहिले. मग त्यांनी खिडकीतून मला विचारलं, "भाऊसाहेब, हरकत मागे घ्यायला किती दिवस असतात?"

"हरकत वसंतरावांची आहे," मी म्हणालो. "ती त्यांनाच मागे घेता येईल."

"मग राहू दे," ते म्हणाले. तारखेला येतो, असं त्यांनी लेकीला सांगितलं आणि खरोखरच आले.

वादातल्या नोंदींवर मंडळ अधिकारी निर्णय देतात. आमचे खैरनारसाहेब. त्यांनी स्थळपाहणी आणि सुनावणी एकाच दिवशी, नवल्यांच्या घरीच ठेवली. दुपारी चारला आम्ही पोचलो. मधल्या खोलीत भिंतीला लावलेलं टेबल, त्यावर पुस्तकं, समोर लाकडी खुर्ची. गौतमी नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसली. वसंतरावांनी आपली उभं राहण्याची जागा दाखवली. तिथली फरशी झिजलेली नव्हती. गौतमीचा उजवा खांदा मात्र डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. पंचनाम्यात दोन्ही गोष्टी घेतल्या.

"प्रत्यक्षच दाखवतो," वसंतराव म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

"मागे," गौतमी म्हणाली.

तिने वळून पाहिलं नाही. आवाजही काही मोठा नव्हता, पण पोटातला होता. शेजारच्या खिडकीत तांदूळ निवडणाऱ्या बाईंनी सूप खाली ठेवलं. वसंतरावांचा हात होता तिथेच थांबला. खैरनारसाहेबांनी मला अंतर घ्यायला सांगितलं. मी टेप लावला. दोन फूट सात इंच.

"हात हद्दीबाहेर आहे," मी म्हणालो.

"आज म्हणाली, ते ठीक," वसंतराव हात खाली घेत म्हणाले. "दोन वर्षांत एकदा तरी म्हणाली का? धन्याने हरकत घेतली नाही आणि वापर उघड उघड चालू राहिला, तर ती वहिवाट. मी तीस वर्षं पाटांची भांडणं पाहिलीत साहेब, मला कायदा शिकवू नका."

"मुद्दा बरोबर आहे," खैरनारसाहेब म्हणाले. ते गौतमीकडे वळले. "याआधी कधी हरकत घेतली होतीस का?"

"तोंडाने नाही."

"मग कशी?"

"पाणी प्यायला उठायचे."

"कधी?"

"हात आला की."

वसंतराव हसले. "तहान लागणं म्हणजे हरकत नव्हे."

"तहान किती वेळा लागली, त्यावर आहे," खैरनारसाहेब म्हणाले. "कुणी पाहिलंय का?"

कुसुमबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या वसंतरावांच्या बाजूने साक्षीदार होत्या, म्हणून त्यांनाच विचारणं भाग होतं.

"तुम्ही तिला पाण्याला उठताना पाहिलंय?"

"हो."

"रोज?"

कुसुमबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. पदराने हात पुसले. "ती यायच्या आधी माठ मी एक दिवसाआड भरायचे," त्या म्हणाल्या. "ती आल्यापासून दिवसातून दोनदा भरते."

"कुसुम," वसंतराव म्हणाले.

"थंडीतसुद्धा," कुसुमबाई म्हणाल्या.

रामनाथ दाराजवळ उभे होते, ते खाली बसले. खैरनारसाहेबांनी कुसुमबाईंचा जबाब शब्द न शब्द लिहून घेतला, त्यांना वाचून दाखवला आणि सही घेतली. मग तिथेच निर्णय दिला. वापर हरकतीसह असल्याने वहिवाट सिद्ध होत नाही. इतर हक्क, निरंक. चहा गार झाला होता. आम्ही तो प्यायलो.

वसंतरावांनी निर्णय पाळला. खात्यातला माणूस, कागदाचा अवमान करणारा नव्हे. अडचण घराची होती. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायची वाट सव्वादोन फुटांची आहे, त्यामुळे गौतमी तिथे असेपर्यंत त्यांना ओसरीवर थांबावं लागे. कधी जेवणाला उशीर होई, कधी आंघोळीला. अकरा दिवस त्यांनी हे केलं. मग मुलाकडे हवापालटाला म्हणून चाकणला गेले. गणपती मंडळाने कार्याध्यक्षांवर कारभार सोपवला. गौतमी आत्याकडेच राहिली. उतारा न्यायला आली तेव्हा तिने तो उभ्यानेच दोनदा वाचला आणि विचारलं, "हा परीक्षेला हॉलमध्ये नेता येतो का?"

"जमीनच बरोबर असते," मी म्हणालो. "कागद घरी ठेवलास तरी चालेल."

सप्टेंबरच्या एका गुरुवारी कुसुमबाई चावडीत आल्या. बरोबर गौतमी होती.

"माझीपण मोजणी करायची आहे," त्या म्हणाल्या. "वयाची अट नाही ना?"

"सोळाच्या पुढे कितीही."

"अठ्ठावन्न."

मोजणीत बाईने डोळे मिटून उभं राहायचं असतं. मी लांबून काठी हळूहळू पुढे सरकवत आणतो. काहीतरी जवळ येतंय असं अंगाला कळलं की ती 'हां' म्हणते, तिथे हद्द. बहुतेक मुली अडीच फुटांवर म्हणतात. काही तीन फुटांवर म्हणतात, त्यांना जादा क्षेत्र मिळत नाही.

कुसुमबाईंनी डोळे मिटले. काठी अडीच फुटांवर आली, दोन फुटांवर आली, एक फुटावर आली. त्या स्वस्थ उभ्या होत्या. काठीचं टोक पदराला टेकलं.

"हां," त्या म्हणाल्या. "लागली."

"काकू, लागायच्या आधी सांगायचं."

त्यांनी डोळे उघडले. "आधी कसं कळणार?"

मी मागच्या बाजूने मोजलं, डाव्या बाजूने मोजलं. तेच. गौतमी भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशाकडे पाहत होती, पण ती नकाशा वाचत नव्हती. शून्य क्षेत्राचा उतारा निघत नाही. संगणकच घेत नाही. तसं मी सांगितलं आणि आधी वर्ग करून मग पुन्हा या, असंही सांगितलं.

सोमवारपासून कुसुमबाई वर्गाला जाऊ लागल्या. नऊवारी नेसून, बुटांत. पहिले तीन दिवस त्यांच्या तोंडून आवाजच फुटला नाही, असं शकिला मॅडम म्हणाल्या. चौथ्या दिवशी फुटला तो मैदानातल्या कुत्र्यावर. कुत्रं उठून गेलं.

बारा दिवसांनी पुन्हा मोजणी झाली. काठी पदराला लागायच्या आधी कुसुमबाई 'हां' म्हणाल्या. मी टेप धरला. चार इंच.

"काकू, आणखी एक वर्ग करा, वाढेल. दिवाळीनंतर सगळं एकदमच लिहू."

"वाढेल तेव्हा वाढेल," त्या म्हणाल्या. "आहे तेवढं आज लिहा."

लिहिलं. मसुदा पंधरा दिवस फलकावर राहिला, हरकत आली नाही. चार इंचांचा उतारा मी पहिल्यांदाच काढत होतो. छापायला वेळ इतरांइतकाच लागला. कुसुमबाईंनी दोन प्रती मागितल्या. एक घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. दुसरी रजिस्टर पोस्टाने चाकणला पाठवायची होती, म्हणून त्यांनी माझ्याकडून लिफाफा घेतला आणि पोस्ट कधीपर्यंत उघडं असतं, ते विचारलं. पाचपर्यंत, असं मी सांगितलं.