ब्रेक पॅडला तेल-हळद

पंचमीला माहेरी गेलेली अयोध्या दिवाळी तोंडावर आली तरी परतली नव्हती. भूमच्या घरात रामहरी आणि त्याची आई धुरपदाबाई रोज एकमेकांची तोंडं बघत पिठलं-भाकरी खात होती. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "आधी त्या गाडीचे ब्रेक नीट करा, मग न्यायला या. आपण आलाव हे साऱ्या गावाला कळतंय."

गाडी सासऱ्यांनी दिलेली, जुनी. ब्रेक दाबला की अशी किंचाळायची की कोंबड्या उडून भिंतीवर बसायच्या. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलले की काम झालं असतं, पण ठरवणं हा रामहरीचा प्रांतच नव्हता. स्वतःच्या लग्नात फेटा की टोपी, यावर त्याने वरात खोळंबवली होती.

स्पेअर पार्टच्या दुकानात नंदीशनं तीन खोकी पुढं मांडली. "हे आवाज करत न्हाय, पर लवकर झिजतंय. हे झिजत न्हाय, पर आवाज करतंय. अन् हे मधलं."

"मधलं कसं हाय?"

"मधलं म्हनल्यावर दोन्ही थोडं थोडं."

रामहरी विचार करतो म्हणून घरी आला, आणि गणपती उठले, दसरा गेला तरी त्याचा विचार चालूच होता. संध्याकाळी रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघवत नसे, म्हणून तो गाडीतच जाऊन बसे. बायको हवी होती त्याला. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून त्याला करमत नव्हतं. पण हे तिला फोनवर सांगावं की समोर, तेही ठरत नव्हतं.

अखेर जवळच्याच वाशीहून सासऱ्यांचा, उत्तरेश्वररावांचा फोन आला. "रविवारी सकाळी या. पोरीला कसंबसं तयार केलंय. आता न्हाय आलात तर पुन्हा आमी बोलनार न्हाय."

धावत जाऊन रामहरीनं मधले पॅड आणले. गावातला मेकॅनिक सोयरीक जुळवायला परगावी गेलेला. मग शेजारचा बिरदेव मोबाइलवर व्हिडिओ लावून मदतीला बसला. दोघांनी जॅक लावून चाकं उतरवली. नवे पॅड ओट्यावर ठेवले होते, ते धुरपदाबाईंच्या नजरेस पडले.

"नवं लोखंड घरात आलं, अन् तसंच बसविता व्हय?" त्या मनाशी म्हणाल्या. त्यांच्या घरात विळा, कुदळ, विहिरीवरची मोटारसुद्धा तेल-हळद लागल्याशिवाय कामाला लागली नव्हती. त्यातून हा सुनेचा प्रश्न. त्यांनी करडईचं तेल हातावर घेतलं आणि प्रत्येक पॅड दोन्ही बाजूंनी असा चोळला, जसं सुईणीनं बाळंतिणीचं पोर चोळावं. वर हळदीकुंकू वाहिलं.

"चकाकतंय बघ," बिरदेव म्हणाला. "माल अस्सल हाय."

रामहरीनं कुंकू तेवढं रुमालानं पुसलं, पॅड बसवले आणि गल्लीत हळूहळू गाडी फिरवली. ब्रेक दाबला. गाडी सावकाश, कसलाही आवाज न करता थांबली. इतकी शांतता ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी रस्ता मोकळा होता. ब्रेक दाबायची वेळच आली नाही. ती आली ती वाशीत, सासुरवाडीच्या उतारावर. दारात सासरे, सासूबाई, आणि पिशवी घेतलेली अयोध्या. तिनं त्याच्या आवडीची मोरपंखी साडी नेसली होती. रामहरीनं ब्रेक दाबला. तेल प्यालेले पॅड नुसतेच घसरले, गाडी पुढे गेली. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले, नजर समोर खिळवली, आणि तो बायकोच्या पुढ्यातून तसाच निघून गेला. हँडब्रेक ओढून गाडी थांबली, तेव्हा सासऱ्यांचं घर पार मागे पडलं होतं.

संपलं, असं म्हणून त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. एरवी जावयाला पडवीत ताटकळत ठेवणारे उत्तरेश्वरराव हात जोडून उभे होते. "जावईबापू, आमचं चुकलं. लेकीला इतके दिवस ठिवून घ्यायला नगं व्हतं."

मागं अयोध्या डोळे पुसत होती. "एवढा राग? मी दारात हुबी, अन् तुमी नजर बी टाकली न्हाय?"

खरं सांगावं की नको, हे रामहरीला ठरेना. या गाडीत तिला बसवायची त्याची छाती होईना. "गाडी इथंच राहू द्या," तो म्हणाला. "आपण एस्टीनं जाऊ."

दिलेली गाडी जावयानं दारात परत टाकली, या कल्पनेनं सासऱ्यांचा चेहरा पडला.

एस्टीत अयोध्या त्याला चिकटून बसली. "लई रडले मी," ती हळूच म्हणाली. "पर बरं बी वाटलं. ह्या माणसाला बी राग येतोय म्हनलं."

रामहरी आणखीच खचला. ती ज्याच्या शेजारी बसली होती तो रागीट माणूस उद्यापासून आणायचा कुठून? तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, गाडी तुमचीच हाय. मी सवता घिऊन मागनं येतोय. बसलोय बी. ही बघा, चालू केली."

रामहरी ताडकन उठला. "थांबा! थांबा! ब्रेक लागत न्हाईत!"

एस्टीच्या ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, माणसं पुढच्या सीटवर आदळली, एक म्हातारी देवाचा धावा करू लागली.

"कोन म्हनतंय ब्रेक न्हाईत?" कंडक्टर ओरडला.

"हिचे न्हाय, माझ्या गाडीचे," रामहरी म्हणाला, आणि फोनमध्ये रडवेल्या आवाजात सांगू लागला, "खाली उतरा, मामा. मला दारात थांबायचंच व्हतं. गाडीच थांबली न्हाय."

सगळ्या गाडीनं ऐकलं. अयोध्यानंही.

कंडक्टरनं दार उघडलं. "मग आता उतरायचंय कुनाला?"

अयोध्यानं पिशवी उचलली. दाराकडं बघितलं, मग नवऱ्याच्या उतरलेल्या तोंडाकडं. शेवटी पिशवी पुन्हा मांडीवर ठेवली.

"जाऊ द्या गाडी," ती कंडक्टरला म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत पुटपुटली, "मी तरी म्हनतेय, एवढा राग तुमाला कुठला यायचा!"

हे ऐकून हायसं वाटून घ्यावं की वाईट, हे रामहरीचं भूम येईपर्यंत ठरलं नाही.