हारांच्या चित्राची चौकशी

सार्वजनिक कार्य मोजायला हारासारखं भरवशाचं माप नाही. हार हनुवटीपर्यंत आले की माणूस कार्यकर्ता, नाकापर्यंत आले की पुढारी. आणि डोळेही झाकले गेले, की त्याला समाजाचा द्रष्टा म्हणतात.

कराडच्या एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक इमाम मास्तर यांनी १९७२ साली हे माप चित्रात मांडलं. सांगलीच्या एका साप्ताहिकानं ते छापलं. खुर्चीत हारांचा ढीग, वर टोपी, खाली पायताण. तोंड नव्हतंच. आज सहा वर्षांनी ते चित्र पुढ्यात घेतलं की मास्तरांना स्वतःच्या भाबडेपणाचं हसू येतं. त्यांना वाटलं होतं, तोंडच नाही म्हटल्यावर तक्रार कोण करणार?

तक्रार आठवड्याच्या आत आली. साखर कारखान्याचे चेअरमन हंबीरराव हेच शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते (पदं इकडेतिकडे सांडू नयेत म्हणून ती एकाच माणसात भरून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे). "ही माझी बदनामी हाय. मास्तरला घरी बसवा!"

चौकशी समिती नेमली गेली. घरी मेहरुनबींनी पिठाचा रिकामा डबा नवऱ्याला वाजवून दाखवला. "आवं, बैलाचं चित्र काढायचं हुतं. त्यो तक्रार करत न्हाई."

मास्तरांना काढण्याचा ठराव होणार, तोच दुसरी तक्रार आली. संस्थेचे उपाध्यक्ष आणि बाजार समितीचे सभापती कृष्णात तात्या यांचं म्हणणं, चित्र त्यांचं आहे.

हंबीरराव समितीपुढंच उसळले. "ह्याला एवढं हार कोण घालतंय रं? ह्याचं कान बी झाकत न्हाईत!"

"तुमी कवा बगितलंसा?" तात्या म्हणाले. "तुमच्या डोळ्यावर तर हार हुतं!"

बदनामी नेमकी कुणाची, हा आता प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. समितीनं मास्तरांनाच विचारलं. एकाचं नाव घ्यावं, तर दुसरा नोकरी घालवणार. पहिलीच्या पोरांना बेरीज समजावावी तशा शांतपणे मास्तर म्हणाले, "ज्यांना जास्त हार पडतात, त्यांचं."

समितीला हे शास्त्रीय वाटलं. दोघांचे सत्कार पाहून निर्णय घ्यायचं ठरलं. आजवर हंबीररावांचे एकशे बारा सत्कार झाले, तात्यांचे एकशे नऊ (पैकी एक तात्यांनी स्वतःच भरवल्याची हरकत प्रलंबित आहे). कराडपासून सांगलीपर्यंत झेंडू महागला. एका लग्नात तर नवरदेवाला कागदी हारावर भागवावं लागलं. चौकशी मात्र चालूच आहे, आणि ती चालू असेपर्यंत मास्तरांना काढता येत नाही. इतकी पक्की नोकरी पंचक्रोशीत दुसरी नसेल.

मास्तरांना नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. खुर्चीनं चित्राचा जेमतेम एक कोपरा अडवलाय. बाकी सगळ्या कागदावर हार घेऊन उभी असलेली रांग आहे, आणि तिच्यातलं एकेक तोंड त्यांनी जीव ओतून, हुबेहूब काढलंय. नाक, मिशी, चेहऱ्यावरचं ते लाचार हसू, सगळं. त्यातल्या एकाचीही तक्रार आलेली नाही. चित्र सगळ्यांनी पाहिलं. खुर्चीतल्या माणसाला सगळे पोट धरून हसले.

आत्ता आपण हसलो, तसेच.