एका वजनाचे दोन दाखले

लठ्ठपणा हा आजार आहे, हे सत्य वैद्यकशास्त्राने स्वीकारले असून पेडण्याच्या बाजारातील माझ्या दवाखान्यात ते यंदाच्या मे महिन्यापासून लागू झाले आहे. त्यापूर्वी बावीस वर्षे आमच्याकडे लठ्ठपणा हा स्वभाव होता. त्यावर उपचार एकच : "तोंडावर ताबा ठेवा आणि चाला." हा उपचार मी खुर्चीत बसून देत असे. (खुर्ची खास करून घेतलेली. माझे वजन एकशे आठ किलो.) वेळ सव्वा मिनिट, औषध शून्य, गुणही तेवढाच.

इब्रामपूरची चंद्रावती ही या उपचारपद्धतीची सर्वांत जुनी लाभार्थी. वजन ब्याण्णव. तुयेच्या एका कारखान्यात खोकी भरायची. भरता भरता तिला डुलकी लागे. दोनदा पकडली गेली, तेव्हा व्यवस्थापनाने कळवले : डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर घरी बसा. नवरा नारायण खाणीच्या ट्रकवर होता. खाणी बंद पडल्यापासून तो आधीच घरी बसलेला. चूल पेटायची ती तिच्या पगारावर.

"दोतोर, माका आळस नाय ओ," ती म्हणाली. "बसलंय काय डोळे मिटतत."

"जेवतेस किती?"

"सकाळी पेज, दुपारी शीत-कडी. आणि कितें?"

खोटं बोलतेय, अशी मी मनात नोंद केली (अशा रुग्णांसाठी ही नोंद आधीच करून ठेवलेली असते) आणि दाखला लिहिला : 'स्थूलतेमुळे सुस्ती. आहार कमी करावा.' सही, शिक्का, दिनांक.

पुढच्याच आठवड्यात पणजीला लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी पायाभूत ज्ञानाचे शिबिर भरले. उपस्थिती साठ, एकत्रित वजन अंदाजे साडेपाच टन. (जेवणात गोडाला थरांची बेबिंका. दोन्ही दिवस.) तिथे कळले की भुकेची सूत्रे बरीचशी संप्रेरकांच्या हाती असतात, उतरवलेले वजन शरीर हट्टाने परत आणते आणि म्हणून रुग्णाला दोष देऊ नये. शिवाय, दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेत घोरता का, श्वास अडतो का, हे विचारावे. तो वेगळा आजार असू शकतो.

हे ज्ञान मी तत्काळ अमलात आणले. स्वतःवर. पहिल्याच सत्रात मी निर्दोष सुटलो आणि बेबिंकाचा आणखी एक तुकडा घेतला. दुपारी मलाही डुलकी लागतेच. (तिला आमच्या घरी 'दमलेत बिचारे' म्हणतात.) आठवड्याभरात माझी तपासणी झाली, झोपताना लावायचे श्वासाचे यंत्र आले, मी ताजातवाना झालो.

"सर, चंद्रावतीक झोपेचां इचारलात?" माझी नर्स गौरवी म्हणाली.

नव्हते विचारले. बोलावून घेतले.

"घोरतंय मगे! आमचे म्हणतत, मदीच श्वास बंद पडता. ते हालवन उठयतत."

"किती वर्षं?"

"धा-अकरा जाली."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलातच कदी?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तपासणीत तासाला एकेचाळीस वेळा तिचा श्वास अडत होता. दुसरा दाखला मी दीड पानी लिहिला : हा आजार आहे, उपचार चालू केले आहेत, पहिला दाखला ही माझी चूक.

कारखान्याच्या समितीने लेखी उत्तर दिले. 'एकाच डॉक्टरांचे दोन दाखले प्राप्त. दोन्हींचा विचार करून पहिला अधिक पटण्याजोगा असल्याने ग्राह्य धरला आहे.' चंद्रावतीची नोकरी गेली.

मी व्यवस्थापकाला फोन करून वाटेल ते बोललो. त्याने सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तुमचा पहिला दाखला समितीतल्या आठ जणांनी वाचला. एकालाही शंका आली नाही."

नववे तुम्ही. तुम्हाला आली होती?