बुचवाडी क्लबचा पुतळा

एका जंगलात एक फुटबॉल क्लब होता. हसू नका, बाळांनो. जंगल पोर्तुगालात होतं आणि तिथे क्लब नसलेलं जंगल शोधून सापडत नाही.

या जंगलात बाटल्यांना लावतात त्या बुचाची झाडं होती. क्लबचं पोर्तुगीज नाव फार लांबलचक आहे, तेव्हा आपण त्याला बुचवाडी क्लब म्हणू. त्याचा इतिहास मात्र अगदी आटोपशीर होता. क्लब स्थापन झाला आणि हरू लागला.

फक्त एकदा तो हरला नव्हता. पहिल्याच वर्षी किनाऱ्यावरच्या पाणकावळ्यांशी सामना होता. बुचवाडीचा गोलकीपर होता बाझिलिओ नावाचं कासव. उन्हात त्याचा डोळा लागला. पाणकावळ्यांनी मारलेला प्रत्येक चेंडू त्याच्या पाठीवर आपटून परत गेला. सामना शून्य-शून्य सुटला. बाझिलिओ जागा झाला तेव्हा सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते, आणि त्याला वाटलं, भूकंप झाला.

क्लबात एक रीत होती. प्रत्येक सभासदाला नंबर असे. वरचा कोणी वारला की खालचे सगळे एकेक नंबर वर सरकत. पहिल्या तिसांना झाडाच्या सावलीत बसायला मिळे. आणि नंबर एकचा मान काय विचारता? वर्धापनदिनी पहिला चेंडू त्याने रिकाम्या गोलात मारायचा. वर्षातला तेवढाच एक गोल खात्रीचा होता.

नंबर एक बाझिलिओ. नंबर दोन झेफिरिनो नावाचं गाढव. झेफिरिनो तीस वर्षं दोन नंबरवर होता. बिचारा रोज बाझिलिओच्या तब्येतीची चौकशी करायचा, आणि तब्येत उत्तम आहे असं कळलं की त्याला खरोखर आनंद व्हायचा. थोडासा.

क्लबला शंभर वर्षं होणार होती. अध्यक्ष रानडुकराने ठरवलं, इतिहास लिहायचा. काम कोल्ह्याकडे गेलं. कोल्हा ओढ्यावर बाझिलिओकडे आला.

"त्या सामन्यात आपण तीन-शून्यने जिंकलो ना?"

"नाही हो. शून्य-शून्य. मी झोपलो होतो."

"झोपला होतात," कोल्ह्याने लिहून घेतलं. "म्हणजे पडला होतात. गोलाच्या तोंडाशी."

"आडवा होतो, असं म्हणा."

"अंगावर वार झेलत?"

"चेंडू लागत होते. पण मला कळलं नाही."

कोल्ह्याचे डोळे पाणावले. आठ दिवसांत पुस्तक छापून आलं. त्यात लिहिलं होतं, बुचवाडीने पाणकावळ्यांना धूळ चारली आणि वीर बाझिलिओ गोल राखता राखता धारातीर्थी पडला.

नंबर एक वारला, असं पुस्तकातच छापलेलं. चिटणिसांनी रीतीप्रमाणे सगळ्यांचे नंबर एकाने वर सरकवले. एकतीस नंबरचा ससा सावलीत आला. त्याने पेढे वाटले. बाझिलिओ जिवंत आहे हे दोनशे बारा जणांना ठाऊक होतं. पण वर सरकलेला नंबर परत कोण देतो, बाळांनो? तुम्ही दिला असता? खरं सांगा.

बाझिलिओला यातलं काही माहीत नव्हतं. समारंभाला वेळेवर पोचायचं म्हणून तो बरोबर आठ दिवस आधी निघाला होता. शंभरावा पहिला चेंडू आपण मारायचा, एवढं एकच त्याच्या मनात होतं. वाटेत त्याने दगडांवर सराव केला. पाय दुखत होता, पण तो खूश होता.

फाटकावर झेफिरिनो उभा होता. गळ्यात नंबर एकचा पट्टा.

"बाझिलिओदादा," तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही वारलात."

"कधी?"

"शंभर वर्षांपूर्वी. पुस्तकात आहे."

"मग आतापर्यंत तुझ्याशी बोलत होता तो कोण?"

 झेफिरिनोला खरंच लाज वाटत होती. पण पट्टा त्याने काढला नाही.

तेवढ्यात अध्यक्ष धावत आले. त्यांची निराळीच पंचाईत झाली होती. वीर बाझिलिओचा बुचाचा पुतळा आज उघडायचा होता. पण बुचाची साल नऊ वर्षांतून एकदाच काढता येते, आणि यंदा तिला अजून दोन वर्षं होती. गोलाच्या तोंडाशी चौथरा तयार होता. वर कापड होतं. कापडाखाली काहीच नव्हतं.

अध्यक्षांनी बाझिलिओकडे बघितलं. "आलात ते बरं झालं. तुमच्यासारखं दिसणारं दुसरं कोणी नाही. तासभर हलू नका, एवढंच करा."

बाझिलिओला चौथऱ्यावर चढवलं. कापड ओढलं. टाळ्या झाल्या. हार पडले. अध्यक्षांचं भाषण इतकं सुंदर झालं, की आपण गेलो याचं बाझिलिओलाही वाईट वाटलं.

मग पहिला चेंडू. झेफिरिनो मैदानाच्या मध्यावर आला. गाढव पुढच्या पायाने चेंडू मारत नाही. त्याने गोलाकडे पाठ केली आणि तीस वर्षं साठवलेली लाथ झाडली. चेंडू सुसाट आला आणि बाझिलिओच्या पाठीवर आपटून परत गेला.

खात्रीचा गोलही हुकला.  बाझिलिओने मान बाहेर काढली आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, "शून्य-शून्य."

क्षणभर वाटलं, आता सगळं उघड होणार. पण ससा सावलीतून उठला आणि हात जोडून म्हणाला, "पुतळा बोलला." मग तिसांनी हात जोडले. मग सगळ्यांनी. कोल्ह्याने दुसऱ्या आवृत्तीसाठी टिपून घेतलं.

गर्दी पांगल्यावर झेफिरिनो चौथऱ्यापाशी आला. पट्टा त्याने तोंडात धरला होता.

"दादा, उतरा. हा तुमचा आहे. मला नको."

बाझिलिओने पट्ट्याकडे बघितलं. "उतरलो तर रजिस्टरप्रमाणे मी कोण?"

"नवा सभासद. नंबर दोनशे तेरा. उन्हात."

"आणि इथे?"

"इथे रोज ताजा पाला येणार आहे. ठराव झालाय."

बाझिलिओने मान आत घेतली. त्याच्या पाठीवरून एक हार घसरला. झेफिरिनोने तो उचलून पुन्हा नीट घातला आणि तिथेच बाजूला बसून राहिला.

तात्पर्य: हयातीतच मान मिळवायचा असेल, तर अजिबात हलू नये. आणि खरं बोलायचंच झालं, तर आधी चौथऱ्यावर चढावं. तिथून कोणी ते मनावर घेत नाही.