लोह्याच्या पुढचा रथी

नांदेडहून लातूरला जायला लोकांना तीन तास लागतात. मला सहा लागतात, आणि मला त्याचा अभिमान आहे! लोक रस्त्यावरून जातात, मी इतिहासातून जातो. पडकी बारव दिसली, पारावर तुटका नंदी दिसला, की पाय आपोआप ब्रेकवर! बावीस वर्षं अकरावी-बारावीला इतिहास शिकवतोय. मुलं ऐकत नाहीत, म्हणून दगडांशी बोलतो.

त्या रविवारी मात्र बायकोने, राजश्रीने, निघतानाच बजावलं होतं, "बारा वाजता शिवांगीचा साखरपुडा आहे. सख्खी भाची आहे माझी. आज एकही दगड नको!"

"एकही नाही!" मी शब्द दिला. लोहा सोडून दहा मिनिटं झाली नाहीत, तोच तो दिसला.

रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, कमरेएवढा उभा दगड. अंगावर शेंदराचा असा थर, की नवरीचा मेकअप फिका पडावा! भोवती करवंट्या, उदबत्त्यांची राख. जाणारे ट्रकवाले स्टिअरिंगवरचा एक हात उचलून नमस्कार करत होते.

"अहो!" राजश्री ओरडली.

"दोनच मिनिटं!"

जवळ जाऊन बघतो तर काय! शेंदराखाली एक माणूस कोरलेला. त्याच्याखाली दोन चाकं. डोक्यावर गोल शिरस्त्राण. वीरगळ! लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड! घोड्यावरचे वीर पुष्कळ सापडतात, पण हा चक्क रथात बसलेला! नखाने शेंदूर खरवडला, तर वरच्या बाजूला एक 'म' आणि जरा पुढे '२६'.

"म म्हणजे महामंडलेश्वर, मोठा सामंत! आणि हे चालुक्य विक्रम वर्ष सव्वीस! राजश्री, नऊशे वर्षं झाली याला!"

ती उतरून आली, पदर सावरत वाकली. "नऊशे वर्षांपूर्वी सव्वीस आपल्यासारखंच लिहायचे?"

"यालाच परंपरा म्हणतात!"

"आणि रथाचा घोडा कुठंय?"

"झिजला असेल!"

मी फोटो काढून आमच्या इतिहासप्रेमी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मिनिटभरात अध्यक्षांचा फोन. अध्यक्ष म्हणजे अहमदपूरचे गुरुपादप्पा सर, निवृत्त मुख्याध्यापक. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू येतात!

"रेणुकादास, जागचे हलू नका! रस्ता रुंद होणार आहे. हा वीर जेसीबीखाली जाईल! आम्ही उचलायला येतोय!"

पाऊण तासात जीप हजर. सर, तीन सभासद, पहार, फावडं, दोरखंड आणि वीरासाठी गोधडी! राजश्री गाडीत बसून होती, पेटलेल्या पण न फुटलेल्या सुतळी बॉम्बसारखी.

खणायला लागलो. खाली सिमेंट लागलं.

"सर, सिमेंट?"

"जीर्णोद्धार झाला असणार!" सर म्हणाले.

पहार मारता मारता निसटली आणि पुढच्या चाकाचा टवका उडाला. आत दगड पांढराशुभ्र, अगदी कोरा. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण पाच माणसं आणि एक पहार एकदा कामाला लागली, की डोकं कुणाचंच चालत नाही. दगड उपटून आम्ही गोधडीवर आडवा केला.

तेवढ्यात शेतातून एक म्हातारा धापा टाकत आला. पायात चप्पल नव्हती.

"समोरच्या पंक्चरवाल्यानं फोन केला. काय करून राहिले तुमी? रस्तेवाले हाव का?"

"नाही, आजोबा!" सरांनी छाती काढली. "आम्ही या वीराला वाचवतोय! नऊशे वर्षांपूर्वी हा योद्धा लढता लढता इथेच धारातीर्थी पडला!"

म्हाताऱ्याने दगडाकडे पाहिलं. मग सरांकडे. "कोनासंगं लढला म्हन्ता?"

म्हातारा खाली बसला आणि धोतराच्या सोग्याने वरचा शेंदूर पुसू लागला. 'एमएच २६', आणि पुढे गाडीचा अख्खा नंबर.

"माझा लेक हाय ह्यो. रविकिरण. चार वर्सं झाली. उसाची ट्रॉली उभी व्हती हितं, दिव्याबिगर. दिसलीच न्हाई त्याला."

एक ट्रक नमस्कार करून गेला.

"डोक्यावर हेल्मेट…" काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो. शिरस्त्राण म्हणणार होतो, एवढं तरी टळलं.

"घातलं नव्हतं त्यानं. घरीच ऱ्हायलं. मी पाथरवटाला म्हनलं, दगडात तरी घाल." मग त्याचा हात तुटक्या चाकावर गेला. "हे?"

"आमच्याकडून झालं," मी म्हणालो.

तो फक्त म्हणाला, "त्याच्या गाडीचं चाकबी तसंच झालतं."

गुरुपादप्पा सर, ज्यांचा आवाज कधी कुणी थांबवला नव्हता, ते खाली मान घालून मातीत बसले.

म्हाताऱ्याचं नाव अण्णाराव. तो दगडाच्या बुडाची माती हाताने झाडायला लागला. "तुमी शिकल्याले दिसता. खाली नाव हाय बगा. दगड आनला पोत्यात गुंडाळून, अन् उभा करताना नाव मातीत गेलं. कुनी वाचलंच न्हाई. मला तर वाचाया येत न्हाई. बरोबर घातलंय का?"

मी वाकून वाचलं. 'रविकरण अण्णाराव'. 'क'वर वेलांटीच नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो. त्या सकाळपासून मी नीट वाचलेलं पहिलं अक्षर, आणि त्याबद्दलही खोटंच बोललो!

म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. "मग आता वर घ्या जरा. नाव दिसू द्या समद्यांना."

मेलो! पंक्चरवाला वाचणार, शाळेतली पोरं वाचणार, एक ना एक जण म्हाताऱ्याला सांगणार!

राजश्री केव्हा गाडीतून उतरली कळलंच नाही. साखरपुड्याच्या पैठणीसकट ती दगडापाशी बसली. "बाबा, अक्षरं उठून दिसत नाहीत. मी शेंदूर भरते." खरवडून पडलेला शेंदूर तिने साखरपुड्याच्या सामानातलं समईचं तेल घालून कालवला आणि एकेक अक्षर बोटाने भरत गेली. 'क'पाशी आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, आणि जिथे काहीच कोरलेलं नव्हतं तिथे सुंदर, ठसठशीत वेलांटी काढली.

दगड पुन्हा ओळंब्यात उभा करायला आम्हाला दोन तास लागले. साखरपुडा चुकला. सासरची माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत. पुराव्यात ढवळाढवळ करू नये, असं मी दरवर्षी बारावीला घसा फोडून शिकवतो. पण त्या वेलांटीचं असं आहे, की ती पावसाने पुसली जाते. या पावसाळ्यात तीनदा गेली. शेंदराची डबी हल्ली गाडीतच असते.