नळीतलं चंद्रदर्शन

दुर्बीण कशी निवडावी, हे मला कुणी शिकवू नये! माझा मेहुणा रविराज कॅमेऱ्याच्या दुकानात काम करतो. तो कळवळून म्हणाला, "दाजी, आधी भक्कम स्टँड घ्या. झूमच्या नादी लागू नका." मी स्टँड हलकाफुलका घेतला आणि झूम दणदणीत! वर फोटोसाठी नळीला कॅमेराही जोडला.

आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत जाहीर केलं, "या संकष्टीला चंद्रदर्शन माझ्या दुर्बिणीतून. तोवर कुणी मान वर करायची नाही!"

झालं! संकष्टीला उपाशी बायका तांबे घेऊन गच्चीवर हजर. चंद्र उगवला. मी दुर्बीण रोखली, तर आत नुसता काळोख! एवढ्या झूममध्ये चंद्र सापडेचना. सापडला की स्टँड थरथरायचा आणि चंद्र ओल्या साबणासारखा निसटायचा.

"अहो, चंद्र कधीचा वर आलाय," माझी बायको ललिता दात-ओठ खात कुजबुजली. "बघू द्या ना सगळ्यांना!"

"खबरदार! दोनच मिनिटं!"

तेवढ्यात आई मटकन खाली बसली. सकाळपासून पोटात कण नाही, त्यात शुगर! "सोमनाथ, डोळ्यापुढं अंधारी येऊ राहिली रे."

मी दुर्बीण सोडून धावलो. "आई, वर बघ! तो काय चंद्र! सोड उपास!"

"आता नाय. चार बायांत शब्द दिला ना तू? नळीतूनच बघन."

घाम पुसत झूम कमी केली आणि सापडला एकदाचा! आईला धरून आणलं. तिनं डोळा लावला.

"अरे, ह्यातला ससा उलटा हाय! खाली डोकं, वर पाय!"

"या दुर्बिणीत उलटंच दिसतं, आई. पण चंद्र खरा आहे!"

"खरा ना? नळीतच हाय ना?"

"हो, नळीतच आहे! आता खा काहीतरी!"

आईनं हात जोडले, तांब्या उचलला आणि नळीच्या वरच्या उघड्या तोंडात भळाभळा अर्घ्य ओतलं! पाणी, अक्षता, जास्वंद, सगळं आत! मी ओरडायच्या आत शेजारच्या कमळाबाईंनीही ओतलं. मग काय, रांगच लागली! कॅमेऱ्याचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

आईनं मोदक खाल्ला. तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दुर्बिणीचं काहीच वाटलं नाही. म्हणजे, फारसं नाही.

ओल्या नळीवरून हात फिरवत आई म्हणाली, "पुढच्या टायमाला मोठ्या तोंडाची घे बाबा. लय पाणी बाहेर सांडतं."